खुर्चीवरचा स्वेटर

आईने अंथरूण धरलं तेव्हा सुनेत्राने नोटीस न देताच नोकरी सोडली. आई गेली, डाग तेवढा मागे उरला. जिथे मुलाखतीला जावं तिथून जुन्या ऑफिसात फोन व्हायचा आणि मग नकार यायचा.

एके दिवशी एका नर्सिंग होमचे मालक डॉक्टर खानविलकरही गरजले, “न सांगता पळणारी माणसं मला अजिबात खपत नाहीत! पण सध्या नड आहे. उद्यापासून याल?”

सुनेत्राने काउंटरमागच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. पाठीवर कुणा बाईचा स्वेटर लटकत होता, शेजारी न धुतलेला डबा.

“डॉक्टर, मी आईपायी पळाले. ह्या बाई कुणापायी पळाल्या?”

डॉक्टरांची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी ती कामावर रुजू झाली.

सुनेत्राने तो स्वेटर घडी घालून कपाटात ठेवला. स्वतःचा मात्र ती रोज संध्याकाळी आठवणीने घरी नेते.