कौसल्येचा धागा

विणकरांच्या एका गावात विश्वंभर नावाचा कारागीर होता. साडीत उभी रेघ उमटू लागली की इतर विणकर चिडत, सगळा माल खराब निघाला म्हणत. विश्वंभर माग थांबवी. ताण्याच्या हजारो उभ्या धाग्यांवरून बोट फिरवी आणि चुकलेला एक धागा शोधून काढी. मग म्हणे, "कापडाला नावं ठेवू नका. धागा दाखवा."

एके वर्षी त्याची बायको कौसल्या खोकू लागली. पुढे तिचे डोके दुखू लागले आणि एक दिवस सुताच्या कांड्या भरता भरता ती कोसळली. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले, की फुप्फुसात कर्करोग आहे आणि तो मेंदूपर्यंत गेला आहे.

"गाठीचा तुकडा तपासायला पाठवू," त्या म्हणाल्या. "कोणत्या जनुकात बदल झालाय ते कळलं की औषध ठरवू. तीन आठवडे लागतील."

विश्वंभरने 'मेंदू' या शब्दापुढचे काही ऐकलेच नाही. तो बायकोला घेऊन घरी आला.

थोरला भाऊ गणपत म्हणाला, "जन्मात विडीला शिवली नाही, तिला हा रोग. नशीब म्हणायचं. आता कशाला टोचाटोची? नाव ऐकलंस ना रोगाचं?"

दुसऱ्या सकाळी विश्वंभरने कात्री घेतली आणि मागावरच्या अर्ध्या साडीचा ताणा कापायला वाकला. ज्या घरात आता कोणी विणणार नाही, तिथला माग मोकळा करायची त्या गावाची रीत होती.

कौसल्या भिंत धरत बाहेर आली. "कात्री ठेवा. अर्धी साडी मी विणलीय."

"आता काय उरलंय, कौसल्ये?"

"गावाला सांगता धागा दाखवा म्हणून. माझा धागा बघितला का कुणी?"

विश्वंभरने कात्री कोनाड्यात ठेवली. त्याच दिवशी दोघे शहरात परत गेले आणि गाठीचा तुकडा तपासायला दिला.

एका धाग्यासाठी अर्धा दिवस बसणाऱ्या माणसाला ते तीन आठवडे काही सरेनात. शेवटी डॉक्टरीणबाईंनी बोलावले. "सापडला. एका जनुकात बारीकसा बदल आहे. सगळ्यांच्या गाठीत तो नसतो. नसता तर दुसरी वाट शोधली असती. यावर गोळी आहे, आणि ती मेंदूपर्यंत पोहोचते."

"बरी होईल?"

"रोग समूळ जाईल असं वचन देत नाही. पण ह्या गोळीवर वर्षानुवर्षं कामाला जाणारी माणसं मी पाहिलीत."

तीन महिन्यांत मेंदूतल्या गाठी आक्रसल्या. चैत्रात ती साडी मागावरून उतरली. आज तिसरे वर्ष चालू आहे. कौसल्या रोज गोळी घेते, ठरल्या वेळी तपासून येते. ही गोळी कधीतरी थकेल हे तिला ठाऊक आहे. "तेव्हा पुन्हा धागा शोधू," ती म्हणते.

परवा शेजारच्या गावचा एक तरुण आला. त्याच्या आईला तोच रोग झाला होता. "काका, किती दिवस उरले म्हणायचे?" त्याने विचारले.

विश्वंभरने माग थांबवला. "तुकडा तपासला?"

"नाही."

आतून कौसल्येचा आवाज आला, "मग जेवून घे, आणि पहिल्या गाडीने आईला घेऊन जा."

तात्पर्य: संकटाचे नुसते नाव ऐकून हात टेकू नयेत. नेमके काय बिघडले आहे ते आधी शोधावे. जगण्याची वाट पुष्कळदा तिथेच सापडते.