कढईपाशी दोन जुई

“पण आक्का, ती बोललीच नाही तर?”

रात्रभर हाच प्रश्न डोक्यात घेऊन कूस बदलत होते. सकाळी मुलीला घेऊन टेकडी चढून मठात आले, तर चपला काढायच्या आधीच तो तोंडातून बाहेर पडला. नमस्कार राहूनच गेला.

आक्का चुलीपाशी होत्या. मागे वळल्या नाहीत.

“कोण बोलली नाही?”

“माझी मुलगी. घरी अखंड टकळी. उंबऱ्याबाहेर एक अक्षर नाही. दिवाळीनंतरही ती गप्पच राहिली, तर बालवाडीवाल्या बाई तिला ठेवून घेणार नाहीत. मी चार पुस्तकं वाचली. चारीत चार वेगळी मतं…”

“बस.”

बसले. मुलगी माझ्या ओढणीत शिरली.

पाऊस सरला, हवा कोरडी झाली की आक्का कॅरॅमलच्या गोळ्या करतात. पावसाळ्यात केल्या तर पाझरतात म्हणे. कढईत साखर वितळून मधाच्या रंगावर आली होती. आक्कांनी तीत साय ओतली. सगळं फसफसून वर आलं. मी दचकले. मुलगी दचकली नाही.

आक्कांनी तिच्याकडे पाहिलं.

“नाव काय गं तुझं?”

“जुई,” मी म्हणाले.

“केवढी आहेस?”

“चार पूर्ण होतील. मार्गशीर्षात.”

“गोळी आवडते?”

“आवडते, पण दातांना चिकटेल म्हणून मी फारशी…”

आक्का लोण्याचा गोळा कढईत सोडून ढवळत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

“बरं, जुई, तेवढी पाण्याची वाटी सरकव.”

मी इकडेतिकडे पाहिलं.

“तुलाच म्हणतेय. चार वर्षांची होत आलीस, वाटी सरकवता येत नाही?”

ओढणीत कुणीतरी खुदकन हसलं.

मी वाटी सरकवली. “आक्का, जुई ही…”

“ही होय? हिचं नाव अजून कळलं नाही मला.”

मला राग आला. एवढी टेकडी चढून आले ती काय थट्टा करून घ्यायला? तरी दुसरं मन म्हणत होतं, पुस्तकांत नसलेलं काहीतरी या आता सांगतील. ऐकून घे.

आक्कांनी काही सांगितलं नाही. डावभर पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी वळला. लिंबाएवढी मऊ गोळी झाली.

“आ कर, जुई. पाक झाला का बघ.”

मी आ केला. वेडीच मी.

गोळी दाढांत बसली आणि जबडा मिटला तो मिटलाच. वरचे दात खालच्यांना सोडेनात. काहीतरी म्हणायला गेले, तर नुसतं “उं…”

आक्का मुलीकडे वळल्या.

“झाला का गं पाक?”

ती ओढणीतच.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. जीभ गोळीखाली होती.

“…”

कढईत एक बुडबुडा फुटला. खाली कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. मी हातांनी खुणा करू लागले, तर आक्कांनी माझ्या एका हातात डाव दिला, दुसऱ्यात वाटी.

आता हातही गेले.

“…”

मुलगी ओढणीतून बाहेर आली. आधी कढईत डोकावली. मग माझ्या फुगलेल्या गालाकडे बराच वेळ बघत राहिली.

“जुई मी आहे,” ती आक्कांना म्हणाली. “ही आई आहे.”

ठणठणीत आवाजात. उंबऱ्याबाहेर. परक्या माणसापाशी.

“असं होय,” आक्का म्हणाल्या. “मग पाकाचं काय?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जबडा जोर करू लागला. ‘बघा, बोलली!’ म्हणायचं होतं, ‘शाब्बास’ म्हणायचं होतं, ‘आता बाईंनाही असंच सांग हं’ म्हणायचं होतं. एक दाढ सुटली. दुसरी सुटत आली.

जुईला ते दिसलं.

तिने आक्कांचा पदर ओढला.

“आक्का, आईला अजून एक द्या.”