हिरोजीचा अभ्यासदौरा

कोकणात खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं, आणि त्या गावच्या ग्रामपंचायतीत एक भोळा सदस्य होता. त्याचं नाव हिरोजी भाटकर. सरपंच अप्पा खानविलकर "हात वर करा" म्हणाले की हिरोजी हात वर करायचा. "खाली घे" म्हणेपर्यंत तो वरच असायचा.

अप्पांनी ठरवलं, गावाच्या किनाऱ्याचा विकास करायचा. विकास करायचा तर आधी अभ्यास हवा. गावाला समुद्र होता, पण अभ्यासाला तो चालेना. म्हणून जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरचं एक लहानसं हवापालटाचं गाव निवडलं. सोबत एक सदस्य न्यायचा होता. मागच्या दौऱ्यातला सदस्य परत येऊन ग्रामसभेत सगळं बोलला होता. या वेळी अप्पांनी हिरोजीला घेतलं.

"तिकडे स्वतःची अक्कल चालवू नकोस," अप्पा म्हणाले. "मी सांगेन तेवढंच कर."

हिरोजीला हायसं वाटलं.

ते पोचले तेव्हा गार वारा सुटला होता. वाऱ्याला आडोसा म्हणून माणसं मोठमोठ्या वेताच्या टोपल्यांत, समुद्राकडे पाठ करून बसली होती. "याला म्हणतात विकास," अप्पा म्हणाले. मग त्यांनी मासा घातलेला पाव घेतला, हिरोजीच्या हातात दिला आणि टोपल्यांचे फोटो काढायला गेले. तेवढ्यात एक पांढरा समुद्रपक्षी आला आणि मासा घेऊन गेला. हिरोजीच्या हातात पाव उरला.

"तू काय करत होतास?" अप्पांनी विचारलं.

"धरून उभा होतो. मी सोडला नाही. पक्ष्यानेही सोडला नाही."

"अरे, आपल्या वस्तूला कोणी हात घातला तर काखेतली छत्री उघडायची आणि हाड म्हणायचं."

हिरोजीला हे पटलं.

संध्याकाळी दोघे उतरायच्या घरी गेले. घरमालकीण मोठी हसतमुख बाई. तिने अप्पांचा कोट घ्यायला हात पुढे केला. हिरोजीने तिच्या तोंडासमोर फाडकन छत्री उघडली. "हाड," तो म्हणाला. बाई मागे सरकली ती चपलांच्या मांडणीवर बसली.

अप्पांनी तिला हात जोडले, पुन्हा जोडले, आणि हिरोजीला खोलीत नेलं.

"गाढवा, ती कोट खुंटीला लावणार होती. इथे कपडे घ्यायला कोणी हात पुढे केला तर हसून द्यायचे आणि डांके म्हणायचं. डांके म्हणजे आभार."

हिरोजी झोप लागेपर्यंत भिंतीला डांके म्हणत होता.

सकाळी ते रस्ता ओलांडायला उभे राहिले. अप्पांनी सिग्नलचा दिवा दाखवला. "त्यात लाल माणूस दिसला की थांबायचं. हिरवा दिसला की चालायचं." हिरोजी थांबला, चालला, आणि खूश झाला. पुढे किनाऱ्याकडे जाणारी फळ्यांची अरुंद वाट होती. त्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. समोरून उन्हाने भाजून उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झालेला एक गृहस्थ आला. हिरोजी जागच्या जागी थांबला. त्याच्यामागे बाबागाड्या थांबल्या, सायकली थांबल्या. अप्पा बरेच पुढे गेले होते, ते परत आले.

"उभा का राहिलास?"

"लाल माणूस आहे, अप्पा. एक गेला की दुसरा येतो. हिरवा अजून एकही आला नाही."

अप्पांनी डोळे मिटले आणि उघडले. "ते दिव्यातल्या माणसाचं होतं. खरा माणूस भेटला तर थांबायचं नाही. हसायचं आणि त्याला बरोबर घेऊन पुढे चालायचं. आपण मैत्री करायला आलोय."

मैत्रीचा कार्यक्रम दुपारी होता. किनाऱ्यावरच्या मंडपात नगराध्यक्षबाई अप्पांचं स्वागत करणार होत्या. अजून वेळ होता, म्हणून अप्पा फिरत फिरत किनाऱ्याच्या टोकाला आले. तिथे पाटी होती, आणि पाटीवर चित्र होतं: इथून पुढे कपड्यांना बंदी. अप्पा पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"नियम तो नियम," ते शेवटी म्हणाले. "अभ्यास अर्धवट ठेवून चालत नाही. तू कपड्यांजवळ बस."

आणि दोघे वाळूच्या टेकाडापलीकडे गेले, आणि अप्पा कपडे काढून पाण्यात.

हिरोजी कपड्यांच्या ढिगाशी बसला. थोड्या वेळाने किनाऱ्याचा रखवालदार आला. ढिगाकडे बोट करून त्याने जर्मनमध्ये काही विचारलं आणि हात पुढे केला. हिरोजीचा हात छत्रीकडे गेला. मग त्याला आठवलं, हे कपडे आहेत. तो हसला. शर्ट दिला, पॅंट दिली, आतलेही दिले. "डांके," तो म्हणाला. रखवालदार हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीकडे निघून गेला.

अप्पा परत आले ते कमरेएवढ्या पाण्यात थांबले.

"कपडे कुठायत?"

"दिले, अप्पा. हसून दिले."

अप्पांनी दोन्ही हात छातीशी आवळले. त्यांचे दात वाजत होते. "खोलीवर पळ," ते म्हणाले. "अंगावर घेण्यासारखं काहीतरी आण."

हिरोजी पळाला. अप्पांच्या बॅगेत वरच सत्काराची शाल होती. ती अंगावर घेण्यासारखी होती, म्हणून त्याने घेतली. शेजारचा नारळही घेतला, कारण नारळाशिवाय शाल त्याने कधी पाहिली नव्हती.

परतताना वाटेत मंडप लागला. नगराध्यक्षबाई, त्यांचे सहकारी आणि गावचं बॅंडपथक अप्पांची वाट पाहत होते. बाई पुढे आल्या. "हेर खानविलकर?" त्यांनी विचारलं; तिकडे श्रीयुतांना हेर म्हणतात.

ही तर खरी माणसं. हिरोजी थांबला नाही. तो हसला आणि हाताने सगळ्यांना चला म्हणाला. बाईंना वाटलं, पाहुण्याला वाजतगाजत आणायची यांच्याकडे रीत असावी. त्यांनी खूण केली. बॅंड वाजू लागला. टोपल्यांतली लाल माणसं उठली आणि मागोमाग निघाली.

मिरवणूक टेकाड ओलांडून आली तेव्हा अप्पा हनुवटीपर्यंत पाण्यात गेले.

"हिरोजी," ते निळ्या ओठांनी म्हणाले, "शाल घाल. लवकर शाल घाल."

हे हिरोजीला शिकवावं लागलं नाही. गावच्या प्रत्येक कार्यक्रमात अप्पा त्याला हेच सांगत. त्याने शाल झटकली, उलगडली आणि नगराध्यक्षबाईंच्या खांद्यांवर नीट घातली. दोन्ही टोकं सारखी केली. बाईंचे डोळे भरून आले. टाळ्या वाजल्या. फोटोवाला गुडघ्यांवर बसला.

मग हिरोजी पाण्याच्या कडेला गेला आणि सगळ्यांना दिसेल असा नारळ उंच धरला.

"आता श्रीफळ," तो म्हणाला. "अप्पा, पुढे या. हे तुमच्याच हस्ते."

बॅंड थांबला, आणि सगळ्यांनी अदबीने बाजूला होऊन अप्पांना वाट करून दिली.