आधी दोष, मग गाडी

एकदा एक अत्यंत ज्ञानी वृद्ध होता आणि पंचक्रोशीतले लोक अडचणीच्या वेळी त्याच्या चरणाशी येऊन बसत. तो वृद्ध म्हणजे मी. चरणाशी बसत हे खरे आहे, कारण माझ्या घरात खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर मी बसतो. ज्ञानाचे म्हणाल, तर शाळेने मला सातवीच्या पुढे जाऊ दिले नाही आणि मीही फार आग्रह धरला नाही. पुढे आयुष्यभर इचलकरंजीत लोकांना मोटार चालवायला शिकवली. गावातले निम्मे चालक माझे शिष्य आहेत. उरलेले निम्मे बरी चालवतात.

या शिष्यगणात एक भूपाल मगदूम. व्यवसायाने कापड तपासनीस. मागावरून उतरलेले कापड उजेडाच्या टेबलावरून पुढे सरकत राहते आणि हा त्यावर डोळे लावून उभा असतो. तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ पट्टा दिसला की खडूने गोल करायचा. जितके गोल जास्त, तितका कापडाचा भाव खाली. हे काम करता करता त्याची दृष्टी अशी सिद्ध झाली की लग्नाला गेला तरी अक्षता टाकताना तो नवरदेवाच्या शेल्याची वीण तपासतो. प्लॉट पाहिला, तर कोपरा तिरका निघाला. हिमालयात जायचे ठरवले, तर डोंगर फार उंच निघाले. आयुष्यात हौसेचे काही घ्यायचेच राहून गेले. त्याची बायको त्रिशला म्हणते, "मला पसंत कसं केलं कुणास ठाऊक. त्या दिवशी लाईट गेली असंल."

असा हा भूपाल एका सोमवारी माझ्याकडे आला आणि चरणाशी बसला.

"मास्तर, एक गाडी बघितलीया."

"घे की मग."

"तिच्यात दोष हाईत."

"मग नको घेऊ."

"तसं न्हवं ओ!" असे म्हणून त्याने मांडीवर हात मारला. पन्नाशीचा मनुष्य, पण चेहरा जत्रेत पाळण्याखाली उभ्या राहिलेल्या पोरासारखा.

मी त्याच्याबरोबर गाडी पाहायला गेलो. एका सूतव्यापाऱ्याच्या गोदामात ती उभी होती. पिवळी, बुटकी, दोनच माणसांची, वर कापडी छप्पर. शेठजींच्या मुलाने हौसेने आणली, वापरून वापरून जुनी केली आणि तो परदेशी निघून गेला. गाडीच्या अंगावर जिथे तिथे खडूचे गोल होते.

"हे काय?" मी विचारले.

"तुमच्या शिष्याचा पराक्रम," शेठजी म्हणाले. "मास्तर, मी एक पण दोष लपवला नाही. रिव्हर्स लागत नाही. ड्रायव्हरचा दरवाजा आतनं उघडत नाही. डाव्या अंगाची काच वर येत नाही. पेट्रोलचा काटा मेलाय. इंजिन मात्र सोन्यासारखं. भाव हे म्हणतील तितका उतरवला. एक गोल काढतात, मी खाली येतो. अजून किती खाली येऊ? जमिनीत जाऊ?"

"मग अडलंय कुठं?"

"ह्यांनाच विचारा. येत्या रविवारी भंगारवाला येणार आहे. तो हिचे तुकडे करून विकेल. त्याच्याआधी हो की नाही, एवढं सांगा म्हणजे झालं."

तुकडे हा शब्द ऐकताच भूपालने गाडीच्या टपावर हात ठेवला. म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा. मी ते पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले.

"मास्तर," बाहेर आल्यावर तो म्हणाला, "व्हय म्हणू का न्हाई म्हणू?"

"तुझी जुनी पांढरी गाडी घेऊन उद्या सकाळी ये. येताना त्रिशलेला आण."

दुसऱ्या दिवशी दोघे आली. भूपालची पांढरी गाडी म्हणजे शहाण्या मुलासारखी. सगळे जागच्या जागी. मी माझी पेटी उघडली. चालकाच्या दाराची आतली कडी दोरीने करकचून बांधली. डाव्या बाजूची काच खाली घेतली आणि ती फिरवायची दांडी काढून खिशात टाकली. पेट्रोलच्या काट्यावर कॅलेंडरचा कागद चिकटवला. त्यावर नेमकी एकादशी आली.

"आजपासून शनिवारपर्यंत कुठलेच दार आतून आपल्या हाताने उघडायचे नाही आणि रिव्हर्स टाकायचा नाही," मी म्हणालो. "टाकलास तर त्रिशला मला सांगेल."

"मास्तर, चांगल्या गाडीचं वाटोळं केलंत की ओ!" भूपाल ओरडला. "मी सल्ला विचारायला आलो होतो!"

"हाच सल्ला. जा."

त्रिशला तोंडाला पदर लावून हसत होती. तिला दाराबाहेर उभे राहून नवऱ्याला आत कोंडायला मिळाले होते.

मंगळवारी भूपालने भाजी मंडईत एका भिंतीला नाक लावून गाडी उभी केली आणि मग त्याला आठवले की मागे जायचे नाही. दोन हमालांनी आणि एका कांदेवाल्याने गाडी मागे ढकलली. कांदेवाला म्हणाला, "साहेब, गाडी भ्याली काय भिंतीला?" बुधवारी तो गिरणीसमोर आत अडकून बसला आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दार उघडण्याची विनंती करत राहिला. त्याला रोज पाहणारे, पण कधी न बोललेले तीन मागवाले त्या निमित्ताने बोलले. गुरुवारी रात्री त्याने मला फोन केला. मला वाटले, आता शिव्या. तर म्हणतो, "मास्तर, आता थांबायच्या आधीच निघायचं कसं ते बघायची सवय लागली. आज आख्ख्या दिवसात कुणाला गाडी ढकलावी लागली न्हाई."

शुक्रवारी जयसिंगपूरच्या रस्त्यावर पेट्रोल संपले. दोघे पंपापर्यंत गाडी ढकलत गेली. त्रिशला मागून ढकलत होती आणि भूपाल दारातून चाक धरून. अर्ध्या वाटेत तिला असे हसू आले की ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. तो चिडला, मग तिच्या शेजारी बसला आणि मग तोही हसायला लागला. हे मला तिने सांगितले. तो हे कशाला सांगेल?

शनिवारी दोघे आली. मी दोरी सोडली, दांडी बसवली, एकादशी काढली.

"बोल," मी म्हणालो. "काय काय सोसलं नाही?"

भूपालने विचार केला. "दाराचं काय वाटलं न्हाई. रिव्हर्सचं तर आता बरंच वाटतंय, डोकं चालतं. काचेतनं धूळ येती, पण ते त्रिशलेला विचारा, ती त्या बाजूला बसती."

"मी ओढणी बांधली," त्रिशला म्हणाली. "वारा छान लागतो."

"पेट्रोलच्या काट्याचं मात्र न्हाई जमायचं, मास्तर. त्या काळजीनं जीव खाल्ला. तेवढं दुरुस्त करून घेणार."

"घेणार?" मी विचारले.

त्याने जीभ चावली. आपल्याच तोंडून काय निघाले ते त्याला कळले असावे.

मग मी खुर्चीत सावरून बसलो, कारण प्रबोधन उभ्याने करू नये. म्हणालो, "भूपाल, आयुष्यभर तू दोष शोधलेस, गोल काढलेस, भाव पाडलास आणि कापड पुढे ढकललेस. ते अंगावर दुसऱ्याच कुणीतरी घातले. म्हणून दोष किती हे तुला कळते, दोष केवढा हे कळत नाही. किती हे डोळ्याला दिसते, केवढा हे अंगाला लावल्यावरच समजते. गाडीचे गुण चालवून बघायला प्रत्येक जण जातो. गुण कुणालाही झेपतात. तू तिचे दोष चालवून बघितलेस. चारांतले तीन झेपले, एक दुरुस्त होण्याजोगा आहे. न सांगितलेले दोष पुढे निघतीलच, ते कोऱ्या गाडीतही निघतात. पण सांगितलेल्या दोषांबरोबर हसत ढकलत जाता आले, तर ती वस्तू आपली."

भूपाल उठला. त्याने हो म्हटले नाही, पण चप्पल घालताना तो शीळ घालत होता.

वाचकहो, संपादकांनी बजावले आहे की शेवटी एका ओळीत बोध हवा. तो असा: जे घ्यावेसे वाटते, त्याचे गुण मालकाला विचारावेत आणि दोष आपल्या अंगाला. ही ओळ लिहून मी लेखणी ठेवणार होतो, पण रविवारी संध्याकाळी गल्लीत भोंगा वाजला.

पिवळी गाडी आली होती. बोनेटवर हार, छप्पर उघडे. चाक त्रिशलेच्या हाती होते आणि भूपाल डाव्या बाजूला वारा खात बसला होता. आनंदाच्या भरात तिने गाडी सरळ आणली आणि माझ्या कुंपणाच्या भिंतीला नाक लावून थांबवली. मी बाहेरून तिचे दार उघडले, पेढा घेतला, आणखी एक घेतला. भूपाल उतरून लोकांना गाडी दाखवू लागला. मी ती संधी साधून हळूच त्याच्या जागेवर जाऊन बसलो आणि म्हणालो, "चला त्रिशलाबाई. पहिली फेरी गुरूची. एवढा बोध फुकट दिला, पंचगंगेपर्यंत तरी न्या."

त्रिशलेने समोरच्या भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"उतरा मास्तर," ती म्हणाली. "जागा दोनच हाईत. पुढं जावा आणि मागं ढकला. बोध तुमचा, भिंत पण तुमचीच."