टिटवी आणि नवा प्रशिक्षक

नदीकाठच्या मोठ्या माळावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, फुटबॉलचा नाद त्या जंगलात पुष्कळांना होता. पण तिच्याइतका कुणालाच नव्हता. माळाचा संघ खेळायला उतरला की ती गोलामागच्या उंचवट्यावर उभी राही आणि सामना संपेपर्यंत तिची चोच मिटत नसे. खेळाडूने चांगला पास दिला की ती ओरडे, चुकला की त्याच्या दुप्पट ओरडे. तिने आवाज टाकला की काठावरच्या साळुंक्या, होले, खारी असे सगळे तिच्यामागून कलकलाट करत. "टिटवीताई आहेत म्हणून संघाला कुणी वाली आहे," असे जो तो म्हणे, आणि टिटवीलाही ते मनापासून खरे वाटे.

त्या वर्षी मात्र संघाची दशा वाईट होती. कप्तान काळवीट होता, फळीत ससे होते, गोलात भेकर होते. एकाहून एक चपळ. तरीही ओळीने चार सामने हातचे गेले. चौथ्या पराभवानंतर त्यांचा प्रशिक्षक कोल्हा कुणाला न सांगता निघून गेला. आता उरले होते दोनच सामने, आणि जंगलाचा नियम कडक होता : ओळीने सहा सामने हरणाऱ्या संघाने आपला माळ वर्षभरासाठी सहाव्या सामन्याच्या विजेत्याला द्यायचा. सहावा सामना दलदलीतल्या रानडुकरांशी होता. ती माळावर आली असती तर त्यांनी सुळ्यांनी सगळी जमीन उकरून टाकली असती. हरणांना चारा उरला नसता, सशांची बिळे उरली नसती, आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीला तर पाय टेकायलाही जागा राहिली नसती.

म्हणून नव्या प्रशिक्षकाचे नाव ऐकायला सकाळपासून सगळे माळावर जमले होते. संघाचा प्रमुख, नीलगाईंतला म्हातारा रोही, वारुळाशेजारी उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "आपले नवे प्रशिक्षक खवल्याभाऊ."

क्षणभर कुणाचा विश्वासच बसला नाही. मग एकच गलका झाला.

खवल्या म्हणजे खवल्या मांजर. अंगभर खवले, आणि भीती वाटली की शरीराची गुंडाळी करून बसायची सवय. सहा वर्षांपूर्वी तो याच संघाचा गोलरक्षक होता. अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला चेंडू गोलाकडे येत असताना त्याने तो अडवायचा सोडून चक्क स्वतःची गुंडाळी केली होती. चेंडू त्याच्या पाठीवरून आत गेला आणि करंडक परक्यांनी नेला. त्या दिवशी टिटवीनेच त्याला 'गुंडाळी' असे नाव ठेवले होते. त्यानंतर तो गाव सोडल्यासारखा डोंगरापलीकडे निघून गेला होता.

"रोहीदादा, तुमची मती फिरली काय?" टिटवी कडाडली. "ज्याने आपलं नाक कापलं, त्याच्याच हाती संघ?"

"दुसरं कुणी यायला तयार नाही, टिटवीताई," रोही म्हणाला. "आणि त्याला खेळ कळतो."

"त्याला फक्त गुंडाळी करणं कळतं!" साळुंकी चिवचिवली.

एवढ्यात खवल्या स्वतःच गर्दीतून वाट काढत पुढे आला. दिवसाच्या उजेडाने त्याचे डोळे किलकिले झाले होते. त्याने फक्त एकदा वर पाहून टिटवीला नमस्कार केला. टिटवीने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि घोषणा दिली, "गुंडाळी, गाशा गुंडाळ!" पाहता पाहता सगळा माळ ती घोषणा देऊ लागला.

पाचव्या सामन्यातही तेच झाले. टिटवीने पहिल्या मिनिटापासून रान उठवले. डोंगरावरच्या रानबोकडांनी दोन गोल चढवले. दोन्ही वेळा माळाचे खेळाडू ऐन मोक्याच्या क्षणी जागच्या जागी थबकले होते. "हाच शिकवतो त्यांना थबकायला!" टिटवी म्हणाली, आणि सगळ्यांना ते पटले.

त्याच आठवड्यात टिटवीने गोलामागच्या खड्यांमध्ये चार अंडी घातली. आता ती रात्रंदिवस एकच विचार करी : सहावा सामना गेला तर या अंड्यांचे काय? शेवटी तिला राहवेना. खवल्याला तोंडावर 'जा' म्हणून सांगायचे, असे ठरवून एका सकाळी ती सरावाच्या जागी गेली. आपल्या जोडीदाराला, टिटव्याला, अंड्यांवर बसवून ती एकटीच आली आणि आधी थोडे पाहावे म्हणून गवताच्या आड उतरली.

तिने जे पाहिले त्याने ती चकित झाली. चेंडू सशांच्या पायांतून पाण्यासारखा वाहत होता. काळवीट वाऱ्यासारखा धावत होता. भेकराने एकामागून एक सात फटके अडवले. खवल्या कडेला उभा राहून हळू आवाजात सांगत होता, "डावीकडे बघ. शाबास. आता सोड." आपल्या संघाला इतके सुंदर खेळताना टिटवीने वर्षभरात पाहिले नव्हते.

तिचा जीव हरखला आणि लगेच संतापलाही. ती गवतातून उसळली आणि ओरडली, "अरे, मग सामन्यात हे कुठे जातं?"

तिच्या पहिल्याच आवाजाबरोबर सगळा संघ थिजला. सशांचे कान ताठ झाले. काळवीट एक पाय उचललेल्या अवस्थेत उभा राहिला. भेकराने चेंडूकडे पाठ करून झाडीकडे पाहिले, आणि चेंडू संथपणे घरंगळत गोलात गेला. खवल्या? त्याची तर घट्ट गुंडाळी झाली होती.

टिटवी हवेतच फडफडत राहिली, मग खाली उतरली. हळूहळू खवले सैल झाले आणि आतून खवल्याचे लांबट तोंड बाहेर आले.

"बिबट्या आहे का?" त्याने विचारले.

"नाही," टिटवी म्हणाली. "मी... मी नुसतीच ओरडले."

ससे एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात टिटवीच्या मनात लख्ख उजेड पडला. वाघ, बिबट्या, ससाणा, कुणीही आला तरी माळावरच्या जनावरांना पहिली वर्दी तीच देत असे. तिचा आवाज कानी पडला की आधी थबकायचे, मग वाट पाहून पळायचे, हे त्यांच्या रक्तातच होते. दलदलीतल्या दाट लव्हाळ्यात आणि कड्यांवर मात्र टिटव्या नसतात. तिथल्या खेळाडूंना तिच्या ओरडण्याचे काहीच वाटत नसे.

"खवल्याभाऊ," ती अडखळत म्हणाली, "सहा वर्षांपूर्वी... त्या शेवटच्या मिनिटाला मी ओरडले होते."

"हो."

"आणि तुम्हाला वाटलं..."

"मला वाटलं, बिबट्या आला."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

खवल्या म्हणाला, "गोल तर माझ्याच हातून झाला होता, टिटवीताई. आणि तुम्ही काही वैराने ओरडला नव्हता."

"पण आता तरी सांगायचं! निदान या सगळ्यांना शिकवायचं, की टिटवीकडे लक्ष देऊ नका म्हणून!"

"ते मी शिकवणार नाही," खवल्या पहिल्यांदाच ठाम आवाजात म्हणाला. "तुमच्या हाकेवर यांचे जीव वाचतात. उद्या खरोखरच बिबट्या आला आणि यांनी ऐकलं नाही, तर माळ राखून उपयोग काय? रोहीदादांना म्हटलं होतं, की ताईंशी बोला. ते म्हणाले, तिला गप्प राहा म्हणायची छाती कुणाची आहे?"

खवल्याला 'जा' म्हणून सांगायचे ठरवले होते, ते शब्द टिटवीने गिळले आणि ती मुकाट्याने परत गेली.

सहाव्या सामन्याच्या दिवशी माळावर मुंगी शिरायला जागा नव्हती. हरला तर माळ गेला. निदान बरोबरी झाली तर वाचला. रानडुकरे धूळ उडवत उतरली. टिटवी गोलामागे आपल्या अंड्यांवर बसली आणि तिने चोच मिटून घेतली.

दहाव्या मिनिटाला डुकरांनी गोल केला. सगळ्या काठाने टिटवीकडे पाहिले.

"ओरडा की, टिटवीताई!" साळुंकी म्हणाली. "घोषणा द्या! गुंडाळीला आजच हाकलू!"

टिटवीने नकारार्थी मान हलवली. तिने चोच मातीत रोवली. काठावर कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणाले, तिने आशा सोडली; कुणी म्हणाले, ती फितूर झाली. साळुंक्यांनी आपला कलकलाट चालू ठेवला, पण त्याने कुणाचे कान ताठ होत नव्हते. ससे खेळत राहिले. मध्यंतराच्या जरा आधी काळविटाने उंच उडी घेतली आणि डोक्याने चेंडू गोलात घातला. एक-एक!

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि माळाच्या संघाचा गोल टिटवीच्या पुढ्यात आला. आता डुकरे तिच्याच दिशेने चाल करून येऊ लागली. प्रत्येक चालीला जमीन थरथरे आणि पोटाखालची अंडी हलल्याचे तिला जाणवे. मिनिटामागून मिनिट जात होते. पंच वानराने शेवटचे मिनिट दाखवले.

तेवढ्यात डुकरांच्या कप्तानाला मोकळी वाट मिळाली. काळवीट मागे पडला, दोन ससे बाजूला फेकले गेले. ते दांडगे धूड चेंडू घेऊन सरळ गोलाकडे धावत सुटले. मध्ये एकटे भेकर, भेकराच्या मागे टिटवी, आणि टिटवीच्या खाली चार अंडी. टिटवीचे अंगअंग ओरडू पाहत होते. जन्मापासून तिने असा क्षण गप्प राहून काढला नव्हता. तिने दोन्ही पंख अंड्यांवर पसरले, डोळे उघडे ठेवले आणि चोच घट्ट मिटली.

भेकराचा कान एकदा मागे वळला. जणू ते हाकेची वाट पाहत होते. हाक आली नाही. मग ते पुढे झेपावले आणि डुकराने फटका मारताच उजवीकडे अंग टाकून त्याने चेंडू छातीशी आवळला. डुक्कर घसरत आले आणि टिटवीपासून चार पावलांवर थांबले. वानराने शिट्टी वाजवली.

माळ वाचला होता. ससे एकमेकांच्या अंगावर पडले, रोही लहान पाडसासारखा उड्या मारू लागला. पण काठावर साळुंकीचा सूर कायम होता. "नुसती बरोबरी! तीही नशिबाने! चला, घोषणा द्या, गुंडाळी..."

"थांबा!" टिटवी उभी राहिली. खेळ संपला होता; आता ओरडायला हरकत नव्हती. ससे दचकलेच, पण कुणी पळाले नाही. "त्यांना गुंडाळी म्हणू नका. ते नाव मी ठेवलं, आणि ते खोटं होतं. सहा वर्षांपूर्वीचा करंडक माझ्या ओरडण्याने गेला. या वर्षीचे पाच सामनेही. बिबट्या नसताना मी बिबट्याची हाक देत राहिले, आणि दोष मात्र कोल्ह्याला दिला, भेकराला दिला, यांना दिला. आज मी गप्प बसले, तेव्हा आपली पोरं कशी खेळली ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं."

साळुंकीने मान खाली घातली. टिटवी गर्दीतून चालत खवल्यापाशी गेली. तिला हळू आवाजात बोलायची सवय नव्हती, तरी तिने प्रयत्न केला.

"खवल्याभाऊ, मला क्षमा करा."

खवल्याने किलकिल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिले. त्याचे खवले किंचित थरथरले. सहा वर्षे आवळून धरलेले काहीतरी सैल झाले असावे. "उद्या सकाळी सराव आहे," तो म्हणाला. "अंडी टिटव्याकडे सोपवून या. सशांची डावी बाजू अजून कच्ची आहे, आणि तुमची नजर चांगली आहे."

तात्पर्य : खेळ बाहेरून पाहणाऱ्याचाही हार-जितीत वाटा असतो, म्हणून दुसऱ्याला दोष देण्यापूर्वी आपल्या आवाजाने काय केले, ते आधी पाहावे.