जीपचं दार आणि लोहचुंबक

गाड्यांनाही वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. कुमुदताईंच्या अंगणात एक जुनी जीप होती. तिच्या डाव्या दाराचा बाहेरच्या कोणावरच भरवसा नव्हता. ताईंनी तारेचा ब्रश आणून ठेवला, तसं ते बिजागरीपासून थरथरलं.

"तो तुला सोलून काढणार, मग भंगारात टाकणार," रंगाखालून गंज कुजबुजला. "आपण दोघं गप्प राहू. वरून लांबीची पुट्टी भरलीय, रंग दिलाय. कोणाला कळतंय?"

दाराला पटलं. इतकी वर्षं पोटाशी राहिलेला गंज खोटं कशाला बोलेल?

"कुठे दुखतंय?" ब्रशनं विचारलं.

"कुठेच नाही. तुम्ही पुढे व्हा!"

ब्रशला संशय आला. त्यानं लोहचुंबकाला बोलावलं. लोहचुंबक दाराच्या वरच्या कडेला चटकन चिकटला, पण खाली लांबीवर येताच घसरून जमिनीवर पडला.

"अहो, मुद्दाम पडलात तुम्ही!" दार ओरडलं.

"मी पत्र्याला धरतो, बाळा. इथे पत्रा उरलाय कुठे?"

 दारानं हळूच आत विचारलं, "गंजा, इतकी वर्षं तू खातोस तरी काय रे?"

गंज रंगाखाली आणखी आत सरकला.

"ब्रशदादा, या इकडे," दार म्हणालं. "पण जरा हळू हं."

लांबी निघाली, गंज झडला, भलंमोठं भोक उघडं पडलं. ताईंनी तिथे नवा पत्रा जोडून रंग दिला.

तेव्हापासून कोणी "काय छान दिसतोय रे रंग!" म्हणालं, की दार आधी लोहचुंबकाला हाक मारी.