रजईवर संशय

फार जुनी नाही, गेल्या वैशाखातली गोष्ट. कर्णिकांकडे नवा एसी आला. विजेचं बिल किती येईल, याचा अंदाज दुकानदाराने दिला होता. बिल आलं त्याच्या दुप्पट. घरातल्या वस्तू एकमेकींकडे संशयाने बघू लागल्या.

“हा एसीच खादाड,” पंखा म्हणाला.

“आणि फ्रिज? तो तर दिवसरात्र चालतो!” एसी गुरगुरला.

“मीटरच जास्त पळतोय,” फ्रिज पुटपुटला.

शेवटी सगळ्यांनी मीटरलाच विचारलं, “खरं सांग, तुझा संशय कोणावर?”

“रजईवर.”

पलंगावरची जाड रजई भडकली. “मला ना वायर, ना बटण! माझा काय संबंध?”

“मग भर वैशाखात तुला कपाटातून काढलं कशाला?”

रजईने खाली पाहिलं. तिच्याखाली कर्णिक दुपारची झोप काढत होते, कुडकुडत. उशाशी रिमोट होता, आणि त्यावर अठराचा आकडा.